पेसमेकर छातीत, स्मार्टवॉच मनगटावर

पेसमेकर बसवून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे दोन सल्ले हमखास देतात. मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नका, आणि हातातलं ते स्मार्टवॉच कायमचं काढून ठेवा. पहिला सल्ला अगदी बरोबर आहे. दुसरा बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी. घड्याळ जरूर घालावं. त्यातलं काय वापरायचं आणि काय बंद ठेवायचं, एवढं मात्र माहीत हवं.

भीतीचं मूळ आहे फोन-घड्याळांतल्या चुंबकात. नेहमीच्या पेसमेकरमध्ये चुंबक ओळखण्याची सोय मुद्दामच केलेली असते. तपासणीच्या किंवा एखाद्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर त्यावर चुंबक धरतात, तेव्हा साधारणपणे यंत्र हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यांकडे लक्ष न देता ठरलेल्या गतीने काम करू लागतं. चुंबक बाजूला केला की सगळं पूर्ववत. आयसीडीची गोष्ट जास्त गंभीर आहे. हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर झटका देऊन माणसाला वाचवणारं हे यंत्र. चुंबक जवळ असेपर्यंत ते झटका देण्याचं काम थांबवतं.

2021च्या सुरुवातीला अमेरिकेत मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या डॉक्टरांनी नेमकं हेच ‘हार्ट रिदम’ या नियतकालिकात नोंदवलं. आयफोन 12 रुग्णाच्या छातीवर डाव्या बाजूला आणताच आतल्या आयसीडीचं काम थांबलं. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने सांगितलं, की असे फोन आणि स्मार्टवॉच छातीतल्या यंत्रापासून 6 इंच, म्हणजे सुमारे 15 सेंटिमीटर दूर ठेवावेत.

मनगट एरवी तेवढं दूर असतंच. प्रश्न येतो झोपेत. पेसमेकर बहुधा डाव्या कॉलरबोनखाली असतो, घड्याळही बहुतेकांच्या डाव्याच हातात, आणि झोपेत हात छातीवर यायला वेळ लागत नाही. रात्री घड्याळ काढावं किंवा दुसऱ्या हातात घालावं. चुंबकाने चिकटणारा पट्टा टाळलेला बरा. चार्जर उशीजवळ नको. वायरलेस चार्जिंग चालू असताना 30 सेंटिमीटरहून अधिक अंतर ठेवा, असं ॲपल स्वतःच सांगते.

चुंबकाची चर्चा घरोघरी होते, पण आणखी एका सोयीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काही घड्याळं अंगातली चरबी मोजतात. त्यासाठी ती शरीरातून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह सोडतात. पेसमेकर हृदयातल्या विजेच्या खुणा टिपत असतो. बाहेरून आलेला प्रवाह त्याला हृदयाचा ठोका वाटू शकतो आणि तो गरज असतानाही गप्प राहू शकतो. युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली असा धोका दाखवून दिला. त्यांच्या चाचण्या संगणकावर आणि प्रयोगशाळेत झाल्या होत्या, रुग्णांवर नव्हे. तरीही छातीत यंत्र असेल तर ही सोय वापरू नका, असं सॅमसंगसारखे उत्पादकही बजावतात. चरबी मोजणाऱ्या वजनकाट्यालाही हेच लागू.

आता आकड्यांविषयी, कारण खरी घबराट त्यांनीच उडते. पेसमेकर मिनिटाला 60वर लावलेला आहे आणि घड्याळ 42 दाखवतंय. यंत्र बंद पडलं की काय? बऱ्याचदा तसं नसतं. घड्याळाचा हिरवा प्रकाश हृदयातली वीज पाहत नाही. मनगटापर्यंत पोचलेली रक्ताची लाट मोजतो. मध्येच एखादा ठोका वेळेआधी पडला, तर त्याची लाट इतकी क्षीण असते की घड्याळाला ती जाणवतच नाही. पेसमेकरने मात्र तो ठोका धरलेला असतो. पट्टा सैल असला तरीही आकडा चुकतो.

घड्याळातल्या ईसीजीलाही मर्यादा आहे. पेसमेकरचा इशारा साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. घड्याळाच्या आलेखात तो अनेकदा उमटतच नाही. पेसमेकरने चालवलेल्या ठोक्याचा आकारही वेगळा असतो, त्यामुळे ‘निष्कर्ष नाही’ असा निकाल येऊ शकतो. पेसमेकर नीट चाललाय का, हे कळतं ते दवाखान्यातल्या प्रोग्रॅमर नावाच्या यंत्रावर.

म्हणून पुढच्या तपासणीला जाताना घड्याळ घालूनच जा. स्वतःचा पेसमेकर कितीवर लावला आहे ते विचारा, घड्याळाचा आकडा तिथेच पडताळून घ्या आणि कोणत्या सोयी बंद ठेवायच्या ते लिहून आणा. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर घड्याळ काहीही दाखवत असलं तरी लगेच रुग्णालय गाठा.