फोटोला हार घातला, पुढे काय?

वाचकहो, आपल्या कोकणात माणूस गेला की सारा गाव गोळा होतो. लावणी ऐन भरात असली तरी हातातली रोपाची मूठ बांधावर ठेवून माणसे निघतात. आणि गेलेला माणूस चार लोकांत वावरणारा, पक्षाचे काम करणारा, तालुक्याच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारा असेल तर विचारायलाच नको. शाळेत नाहीतर सहाणेवर शोकसभा होते. सगळ्या पक्षांचे लोक बोलतात. ‘पोकळी निर्माण झाली’ असे जो तो सांगतो. पेपरात फोटो येतो, नाक्यावर बॅनर लागतो. पुढच्या पावसाआधी तोच बॅनर कुणाच्या तरी लाकडांवर झाकण म्हणून गेलेला असतो.

त्या माणसाने हातात घेतलेल्या कामांचे काय झाले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. दूध सोसायटी, पाण्याची योजना, अर्धवट राहिलेला साकव, कुणाची अडकलेली वारस नोंद... माणसाबरोबर सगळे सरणावर जाते. गावाचे खरे नुकसान तिथे होते. म्हणून आज दोन मित्रांची गोष्ट सांगतो. दोघेही राजकारणातले. एक अकाली गेला आणि दुसऱ्याने त्याचे काम पुढे नेले. त्या कामाचा लाभ आपण देवरूखकर आजही घेतो आहोत.

वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर आणि नगरचे प्राध्यापक

बॅ. नाथ पै हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. २५ सप्टेंबर १९२२ चा त्यांचा जन्म, गाव वेंगुर्ला. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग, मग विलायतेत बॅरिस्टरी. जगभरच्या तरुण समाजवाद्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले, पण परत आले ते लाल मातीत. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी राजापूर मतदारसंघातून जिंकल्या. त्या वेळी सिंधुदुर्ग वेगळा झालेला नव्हता, तो झाला १९८१ साली. तोवर सगळा मुलूख रत्नागिरी जिल्हाच. लोकसभेत नाथ पै बोलायला उभे राहिले की विरोधी बाकावरच्या या माणसाचे भाषण पंडित नेहरूही मन लावून ऐकत, असे सांगतात. गोव्याची मुक्ती, सीमाभागातल्या मराठी माणसाचा प्रश्न आणि कोकणातली रेल्वे हे विषय त्यांनी दिल्लीत लावून धरले.

दुसरे प्रा. मधु दंडवते. जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. तेही बेचाळीसच्या चळवळीतले. १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेलेले. दोघांचा पक्ष एक, प्रजा समाजवादी. दोघांची निष्ठा एक आणि चळवळीत वर्षानुवर्षे खांद्याला खांदा. पण स्वभाव वेगळे. नाथ पैंची वाणी म्हणजे पहिल्या पावसाचा ओढा. दंडवते मास्तरांसारखे मुद्दा मांडणारे, आकडा चोख ठेवणारे आणि मधूनच मिश्किल बोलणारे.

सहा आठवड्यांची गोष्ट

१७ जानेवारी १९७१. सीमा लढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन करण्यासाठी नाथ पै बेळगावला गेले होते. हृदयाचे दुखणे आधीपासूनचे, तरीही ते सभेत बोलले. त्याच रात्री त्रास झाला आणि १८ जानेवारीला ते गेले. वय अवघे ४८. आपल्याकडे अजून काही घरांत देवाच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो आहे.

लोकसभा आधीच बरखास्त झालेली होती आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मतदान होते. म्हणजे शोक करायलाही धड दीड महिना नव्हता. मित्राच्या जागी उभे राहायला दंडवते पुढे आले. विचार करा, नगरचा माणूस, मुंबईचा प्राध्यापक, आणि समोर इंदिरा गांधींची लाट. त्या लाटेत भले भले वाहून गेले. प्रजा समाजवादी पक्षाचे साऱ्या देशात फक्त २ खासदार निवडून आले. त्यातले एक राजापूरचे मधु दंडवते.

पहिल्या वेळी लोकांनी मत दिले ते नाथ पैंच्या आठवणीला, हे उघड आहे. सहानुभूतीवर माणूस एकदा निवडून येतो. दंडवते मात्र १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे पाच वेळा निवडून आले. सहानुभूती काही वीस वर्षे पुरत नाही. मित्राच्या नावावर मिळालेले मत त्यांनी कर्जासारखे मानले आणि कामाने फेडले, म्हणून हे घडले.

रुळांची वाट

कोकण रेल्वेची मागणी कुणा एका माणसाची नाही. अ. ब. वालावलकरांसारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. नाथ पैंनी ती संसदेत नेली आणि त्यांच्यानंतर दंडवत्यांनी ती खाली पडू दिली नाही. मधल्या काळात आणीबाणी आली. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या. १९७७ साली सुटून आले ते देशाचे रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर पाठ शेकत रात्र काढणाऱ्या प्रवाशाला मऊ बाक मिळाले ते त्यांच्या काळात. कोकणातल्या मार्गाचे कामही त्यांनी पुढे सरकवले, पण १९७९ मध्ये सरकार पडले. आपट्याहून निघालेले रूळ रोह्याला पोचायला १९८६ उजाडले. पुढे डोंगर आणि सरकारी उत्तर एकच : पैसा नाही.

१९८९ साली दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. नियोजन मंडळावर रामकृष्ण हेगडे होते. या तिघांच्या मेळातून १९९० साली कोकण रेल्वेसाठी वेगळे महामंडळ निघाले. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोख्यांतून उभा करायचा ठरला. बांधणीची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे गेली. नव्वदीच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. आपल्या जवळचा उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा एकटा साडेसहा किलोमीटरचा. या रुळांखाली चाळीस हजारांवर खातेदारांची जमीन गेली. त्यात कुणाची कलमे गेली, कुणाचे भाताचे खाचर गेले. त्यांचा त्यागही या हिशेबात धरला पाहिजे.

आणि आता खरी गंमत ऐका. रेल्वे पुरी होण्याआधीच, १९९१ साली, दंडवते निवडणूक हरले. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला तेव्हा ते कोकणचे खासदारही नव्हते आणि मंत्रीही नव्हते. पाडाला आलेला आंबा दुसऱ्यांनी उतरवला. पण म्हणून त्यांनी कडवटपणा धरला नाही. १२ नोव्हेंबर २००५ रोजी ते गेले. इच्छेप्रमाणे त्यांचा देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला. नाथ पै गेल्यापासून रेल्वे येईपर्यंत २७ वर्षे लागली. आपण देवरूखची माणसे संगमेश्वर रोड स्टेशनावर उतरून एसटी नाहीतर वडाप पकडतो, गणपतीला चाकरमानी पोरे-बाळे घेऊन उतरतात. त्या फलाटावर दोघांचीही शोकसभा झाली नसेल, पण श्रद्धांजली रोज वाहिली जाते.

भेट कलम आठवा

शेतकरी बंधूंनो, मी शेतीखात्यातला माणूस, म्हणून हे माझ्या भाषेत सांगतो. भेट कलम कसे बांधतात ते जुन्या बागायतदारांना ठाऊक आहे. चांगल्या हापूसची फांदी झाडावरून तोडत नाहीत. गावठी कोयीचे रोप त्या फांदीजवळ नेऊन दोघांची साल तासून बांधतात. दोन-तीन महिने दोघे आपापल्या मुळांवर जगत असतात. जोड एकजीव झाला की मगच छाटणी. आधी फांदी तोडली आणि मग बांधायला गेलात तर भेट कलम होत नाही.

मैत्रीचेही तसेच आहे. दंडवत्यांना १९७१ च्या मार्चमध्ये कोकण नव्याने शिकावे लागले असते तर ते दीड महिन्यात काय करणार होते? जोड आधीच बांधलेला होता. चळवळीत, सत्याग्रहात, पक्षाच्या कामात दोघांची साल एकमेकांना लागलेली होती. म्हणून एक तुटला तेव्हा दुसऱ्यावर त्याचे फळ धरले. आपल्या देवरूखातही पाहा. इंदिराबाई हळबे, म्हणजे आपल्या मावशी, यांनी १९५४ साली सुरू केलेले मातृमंदिर त्यांच्या पश्चातही चालू आहे. त्याचे कारण मावशींनी हयातीतच माणसे जोडून ठेवली.

दोनशे पानी वही

माझाही एक मित्र होता, देवरूखजवळच्याच एका वाडीतला. नाव लिहीत नाही. तो एका पक्षाचा कार्यकर्ता आणि मी सरकारी नोकर. त्यामुळे आमच्यात एक नियम होता : निवडणूक लागली की चहाला सुट्टी. निकाल लागला की पुन्हा सुरू. त्याच्या खांद्याच्या पिशवीत दोनशे पानी वही असायची. कुणाचे काजू कलमांचे अनुदान अडले, कोणत्या वाडीचा साकव मोडला, कुणाच्या सात-बाऱ्यावर बापाचेच नाव राहिले, सगळे तारखेसकट. काम झाले की तिथे तांबडी खूण. खूण नसलेल्या ओळी बघून तो म्हणायचा, ‘ही माझी उधारी रे.’

एका दिवाळीनंतर तो अचानक गेला. शोकसभा मोठी झाली. पण दरवर्षी त्याच्या पुढाकाराने ओढ्यावर वनराई बंधारा पडायचा, तो त्या वर्षी पडला नाही. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरायची आणि पाणी अडवायचे, एवढेच काम. खर्च जवळपास नाही, लागतात फक्त हात. फेब्रुवारीत ओढा आटला आणि खालच्या अंगाची भाजी करपली. माणूस जाणे म्हणजे काय, हे त्या वाडीला शोकसभेपेक्षा त्या कोरड्या ओढ्यात जास्त कळले.

पुढे वहिनींनी ती वही बाहेर काढली. म्हणाल्या, ‘भावोजी, ही मी ट्रंकेत ठेवून काय करू? यातली माणसं अजून दारात येतात.’ वाडीतल्या दोन तरुणांनी ती घेतली. त्यातला एक दुसऱ्या पक्षाचा, निवडणुकीत याच्याशी भांडलेला. पण ओढा कुठल्या पक्षाचा? पुढच्या हिवाळ्यात बंधारा पुन्हा पडला. वहीत आता दोन वेगळ्या अक्षरांतल्या ओळी आहेत. तांबड्या खुणाही वाढत आहेत. मित्र परत येत नाही. त्याच्या चहाची जागा रिकामीच राहते. पण त्याची उधारी फिटते आहे, हे बघून जिवाला बरे वाटते.

मग आपण काय करावे?

माझ्या मते चार गोष्टी कराव्यात, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

एक : गावातला कामाचा माणूस गेला तर तेराव्याच्या आत त्याच्या हातातल्या कामांची यादी करावी. अर्ज कुठे दिला, पोच कुठे आहे, पुढची तारीख कोणती, सगळे कागदावर यावे.

दोन : शोकसभेत भाषणे दोन कमी करावीत आणि यादीतले एकेक काम एकेकाच्या नावावर लावावे. नाव घेतलेल्या माणसाने सगळ्यांसमोर हो म्हणावे.

तीन : वर्षश्राद्धाला हार घालायच्या आधी ती यादी वाचावी. झालेले झाले, राहिलेले राहिले, स्पष्ट सांगावे.

चार, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची : माणूस हयात आहे तोवरच जोड बांधावा. तुमच्या गावात सोसायटी सांभाळणारे, पाण्यासाठी पंचायत समितीत खेपा घालणारे जे कुणी अण्णा, भाऊ किंवा वहिनी असतील, त्यांच्याबरोबर एका तरुण पोराला किंवा पोरीला आजपासून फिरू द्या. कचेरीत कोणत्या टेबलावर काय होते, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते माणसाकडून माणसाकडे जाते.

रेल्वे आली तरी आपल्याकडचा आंबा अजून बहुतेक ट्रकनेच वाशीला जातो. मार्ग बहुतांशी एकेरी आहे आणि लहान स्टेशनांवर शेतमालाची सोय बेताचीच. म्हणजे नाथ पै आणि दंडवते यांच्याही वहीत काही ओळी खूण न झालेल्या आहेत. त्या ओळी आता तुमच्या-आमच्या नावावर आहेत. १८ जानेवारी दरवर्षी येते. येत्या १८ तारखेला फोटोला हार जरूर घाला, आणि संध्याकाळी पाच माणसे बसून आपल्या वाडीच्या वहीचे पहिले पान लिहा.