पुट ऑप्शनची विक्री : उत्पन्नाचे साधन आणि समभाग खरेदीचा मार्ग

पुट ऑप्शन म्हणजे विशिष्ट समभाग पूर्वनिश्चित किमतीस विकण्याचा मुदतबंद हक्क होय. हा हक्क घेणारा त्यासाठी प्रीमियम देतो. हक्क देणारा, म्हणजेच पुटचा विक्रेता, प्रीमियम स्वीकारून त्या किमतीस समभाग विकत घेण्याचे बंधन पत्करतो. प्रीमियमला 'उत्पन्न' म्हणण्याचा प्रघात असला, तरी विमा कंपनीच्या हप्त्याप्रमाणे तो जोखमीचा मोबदला आहे.

समजा, ५०० रुपये बाजारभावाच्या १,००० समभागांवर ४८० रुपये करार किमतीचा पुट १२ रुपये प्रीमियमने विकला. मुदतअखेर भाव ४८० च्या वर राहिल्यास विक्रेत्याचे १२,००० रुपये सुटतात. भाव त्याखाली गेल्यास समभाग घ्यावे लागतात व त्यांची परिणामी किंमत ४६८ रुपये पडते. मात्र भाव ३५० वर आल्यास १,१८,००० रुपयांचा तोटा दिसतो, आणि ६०० वर गेल्यास लाभ १२,००० रुपयांपुरताच राहतो. म्हणजे समभाग हाती येतात ते घसरणीतच. चढणारा समभाग हातचा निसटतो. खरेदीचा मार्ग म्हणून या पद्धतीची ही मोठीच उणीव आहे.

वॉरेन बफे यांनी १९९३ मध्ये कोका-कोलाच्या समभागांवर सुमारे ३५ डॉलर करार किमतीचे पुट प्रतिसमभाग दीड डॉलर प्रीमियमने विकले होते. कंपनीचा मोठा हिस्सा बर्कशायर हॅथवेकडे आधीच होता आणि त्या भावात आणखी समभाग घेण्याची तयारी व ऐपतही होती. वर्षअखेर भाव करार किमतीच्या वरच राहिला. समभाग मिळाले नाहीत, प्रीमियम मिळाला. याउलट व्हिक्टर निडरहॉफर यांनी अमेरिकी निर्देशांकाच्या वायद्यांवरील पुट मोठ्या प्रमाणावर विकले होते. थायलंडमधील तोट्याने आधीच दुबळा झालेला त्यांचा फंड २७ ऑक्टोबर १९९७ रोजी डाऊ जोन्स ५५४ अंशांनी कोसळताच बुडाला. दोघांनी विकलेली वस्तू एकाच जातीची. फरक बंधन पाळण्याइतकी रोकड हाताशी असण्याचा. दलाल केवळ मार्जिनवर व्यवहार करू देतो, म्हणून पूर्ण रकमेची तरतूद अनावश्यक ठरत नाही. वरील उदाहरणात ती ४,८०,००० रुपयांची आहे.

राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांवरील ऑप्शन्स जुलै २००१ मध्ये सुरू झाले, परंतु त्यांची पूर्तता केवळ रोख फरकाने होई. त्यामुळे भारतीय विक्रेत्यास पुटद्वारे समभाग मिळतच नसत. फरक भरून ते बाजारातून वेगळे घ्यावे लागत. सेबीच्या आदेशानुसार जुलै २०१८ पासून टप्प्याटप्प्याने आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्वच समभाग-ऑप्शन्सना प्रत्यक्ष समभागांची देवघेव लागू झाली. निर्देशांकावरील ऑप्शन्सची पूर्तता मात्र रोखीनेच होते. निफ्टीचा पुट विकणाऱ्यास घसरणीनंतर हाती धरून ठेवण्याजोगे काहीच उरत नाही.