दुपारच्या निळ्या आकाशाखालचा ओझोन

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची माणसं हवेची परीक्षा नाकाने घेतात. रात्री एमआयडीसीकडून उग्र दर्प आला की खिडक्या लागतात, सोसायटीच्या ग्रुपवर ‘आज परत सोडलं’ असा मेसेज पडतो. नाकावरचा हा विश्वास अनुभवातून आलाय. 2014 च्या नोव्हेंबरात वालधुनी नदीत ओतलेल्या रसायनांतून उठलेल्या वायूने उल्हासनगरात शेकडो जणांना त्रास झाला होता. पण एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता आकाश निळं असतं, वास कसलाच नसतो, तेव्हा हे नाक उपयोगाचं नाही. ती वेळ ओझोनची.

ओझोन बहुतेक कुठल्या धुराड्यातून निघत नाही, हवेतच तयार होतो. गाड्या आणि बॉयलर नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतात, कारखान्यांतून टोल्युइन, झायलीनसारख्या द्रावकांच्या वाफा सुटतात. त्यांच्यावर कडक ऊन पडलं की झालं. शिवाय दुपारचा खारा वारा मुंबई-ठाण्याकडचा धूर आत, डोंगरांकडे लोटतो. गंमत अशी की भर वाहतुकीत ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला संपवतो, त्यामुळे गजबजलेल्या चौकापेक्षा गावाबाहेरच्या मैदानात तो जास्त भेटू शकतो. मोकळ्या हवेसाठी बदलापूर गाठलेल्यांना हे रुचणार नाही.

जीन्सच्या धंद्यात ओझोनचा वेगळा उपयोग आहे. पँटचा निळा रंग उडवायला बंद यंत्रात हाच वायू सोडतात. इंडिगो फिका करणारा हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाका-घशात सगळा न अडकता बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतो. तिथल्या ओल्या थरातलं क जीवनसत्त्व आणि युरिक आम्ल त्याला आधी झेलतात. ती कुमक अपुरी पडली की तो स्निग्ध पदार्थांवर तुटून पडतो. त्यातून निघालेले तुकडे अस्तराच्या पेशींना डिवचतात, पेशी रासायनिक हाका मारतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात. जंतू एकही नाही, तरी फौज हजर. हाच दाह.

अमेरिकेत चॅपल हिल इथे निरोगी तरुणांना बंद खोलीत, व्यायाम करत, दोन तास 0.4 पीपीएम ओझोन दिला. 18 तासांनी त्यांची फुप्फुसं धुऊन ते पाणी तपासलं, तर न्यूट्रोफिल स्वच्छ हवेच्या तुलनेत सुमारे आठपट. हा अभ्यास 1989 चा. दोन वर्षांनी 0.08 पीपीएमवर, साडेसहा तासांच्या प्रयोगातही दाह दिसला. हे प्रमाण घनमीटरमागे सुमारे 160 मायक्रोग्रॅम होतं. आपली आठ तासांची मर्यादा 100 आहे.

मला सगळ्यात खटकते ती पुढची गोष्ट. रोज ओझोन घेतला की चार-पाच दिवसांत खोकला थांबतो, फुंकून करायची चाचणीही सुधारते. पेशींना इजा झाल्याच्या खुणा मात्र फुप्फुस धुतलेल्या पाण्यात सापडत राहतात. ‘आम्हाला सवय झालीय’ हे इथलं ठरलेलं वाक्य म्हणून धोक्याचं आहे.

2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात उल्हासनगर आणि बदलापूर दोन्ही आहेत. पण तिथलं यश मोजतात ते धुळीवर. रस्ते धुऊन आणि फवारे उडवून ओझोन हटत नाही. त्यासाठी द्रावकांच्या टाक्यांतून सुटणाऱ्या वाफा रोखाव्या लागतात, आणि त्याबद्दल नगरसेवकांना कुणी विचारत नाही. हवेचा एकूण निर्देशांकही सर्वांत वाईट घटकावरून ठरतो. तो आकडा धुळीचा असेल तर ओझोन मागे झाकला जातो. म्हणून ॲपवर ओझोनचा आकडा वेगळा उघडून पाहा.

उन्हाळी क्रिकेट शिबिरं आणि धावण्याचा सराव सकाळी उरका. दुपारी दम्याच्या मुलांना मैदानावर पाठवू नका. खिडक्या बंद असलेल्या खोलीत ओझोन बराच कमी असतो. एन-95 मास्क धूळ अडवतो, हा वायू नाही. आणि ‘ओझोन सोडून हवा शुद्ध करणारं’ यंत्र कुणी गळ्यात मारत असेल, तर ते घरात आणू नका.