पायातली गुठळी, फुप्फुसातला धोका
कॅनडाचा पास्कल ड्युपुई हा मेहनतीवर टिकलेला आइस हॉकीचा विंगर. नवोदितांच्या निवडीत त्याला कोणत्याही संघाने घेतले नव्हते. तरी 2009 मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्सकडून त्याने स्टॅन्ले कप जिंकला. डिसेंबर 2013 मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. नोव्हेंबर 2014 मध्ये फुप्फुसात रक्ताची गुठळी आढळली. तो पुन्हा मैदानात उतरला, पण डिसेंबर 2015 मध्ये याच आजाराने त्याला थांबावे लागले.

शस्त्रक्रियेनंतर किंवा पाय बरेच दिवस हलला नाही, तर शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटली की फुप्फुसात अडकते. गुठळीविरोधी औषधांमुळे रक्तस्राव लवकर थांबत नाही. धक्काबुक्कीच्या खेळात तेही धोक्याचेच. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे किंवा अचानक धाप लागल्यास, प्रकृती कितीही धडधाकट असो, लगेच रुग्णालय गाठावे.