यंत्रमानवाचा खेळ : नमुना पाहून दिलेली राय

कापडाचा दलाल नमुन्यांचे पुस्तक घेऊन पेढीवर येतो तेव्हा जुना व्यापारी रंगसंगती पाहत बसत नाही. तुकडा बोटांत चुरगाळतो, उजेडात धरतो, कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासतो आणि मग विचारतो, की गाठ सुटल्यावर माल हाच निघेल काय? मोबाईलवरील खेळांबाबत जाणकार मंडळी जी मते देतात ती वाचताना मला हाच प्रश्न वारंवार पडला. त्याचे कारण घरचेच आहे.

आमच्या औशाच्या दुकानात मदतीला एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हा तो फोनवर यंत्रमानवांची गोळीबाराची लढाई खेळतो. फुकटचा खेळ, म्हणून मी कधी हरकत घेतली नाही. गेल्या लग्नसराईत त्याने पगारातून उचल मागितली. खोदून विचारले तेव्हा कळले, की दोन महिन्यांत ३,४०० रुपये त्या खेळातील बंदुका व यंत्रमानव घेण्यात गेले होते. एकरकमी नव्हे. कधी २९, कधी ८९, कधी १९९, एकदा तर ८९९. खेळाचे नाव मी देत नाही, आणि पुढे ज्या खेळांची नावे येतील त्यांपैकी तो नाही. "घेण्याआधी कुणाला विचारले होतेस काय?" असे म्हटले तर उत्तर आले, "चाचा, सगळ्यांनी चांगलाच म्हटला होता." त्याने ती मते मला दाखवलीही. चित्र सुंदर, आवाज दमदार, हाताळणी सोपी. त्यात खोटे काही नव्हते. ३,४०० रुपयांबद्दल मात्र अवाक्षर नव्हते.

तेव्हापासून या खेळांवरील टीका-टिप्पणी मी जमेल तशी वाचून घेतो. भाचा इंग्रजी वाचून अर्थ सांगतो. त्यातून जे ध्यानात आले ते व्यापारी वाचकांपुढे ठेवतो.

सन २०११ हे या बाबतीत मजेचे वर्ष होय. त्या वर्षी ऑक्टोबरात 'रिअल स्टील' हा यंत्रमानवांच्या मुष्टियुद्धाचा हॉलिवूड चित्रपट आला आणि त्यावरचा मोबाईल खेळ बाजारात आणला तो आपल्या मुंबईच्या रिलायन्स गेम्सने. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील अपरकट गेम्स या लहानशा मंडळींचा 'एपॉक' आला. त्यात एक यंत्रमानव दुसऱ्या यंत्रमानवांवर गोळ्या झाडत पुढे सरकतो. हा खेळ आधी आयफोन आणि आयपॅडवर निघाला.

'एपॉक'वर समीक्षकांनी जे लिहिले ते मला आपल्या धंद्यातील पारखीसारखे वाटले. गोळीबाराचा खेळ काचेवर खेळणे मुळात अवघड असते. संगणकावर किंवा टीव्हीच्या खेळात बोटाखाली बटण असते, ते दाबले की हाताला कळते. काच सपाट. डाव्या अंगठ्याने चालायचे, उजव्याने नेम धरायचा, आणि दोन्ही अंगठ्यांखाली चित्र झाकले जायचे. 'एपॉक'ने यावर तोड काढली. यंत्रमानव आडोशामागे उभा असतो. बोट बाजूला सरकवले की तो दुसऱ्या आडोशाकडे झेप घेतो, शत्रूवर बोट टेकवले की नेम धरला जातो आणि बंदूक आपोआप चालते. समीक्षकांनी याचे मोकळेपणाने कौतुक केले, चित्रांचेही केले. त्याचबरोबर बहुतेकांनी हेही बजावले, की तेच ते पुन्हा पुन्हा करावे लागते आणि खेळ लवकर संपतो. म्हणजे पोत उत्तम, रंग पक्का, पण पन्हा कमी. मोल देऊन वस्तू घ्यायची होती, म्हणून वस्तूचा गुणदोष सांगितला की समीक्षकाचे काम पुरे होत होते.

यानंतर दुकानाची रीतच बदलली. २०१३ मध्ये रिलायन्स गेम्सने त्याच चित्रपटातील ॲटम, झ्यूस, नॉयझी बॉय या यंत्रमानवांना घेऊन 'वर्ल्ड रोबॉट बॉक्सिंग' काढला. तो उतरवून घेण्यास एक पैसा पडत नाही, यंत्रमानवांची ताकद वाढवण्यासाठी आत पैसे खर्च करता येतात. २०१४ मध्ये पिक्सॉनिक या रशियन कंपनीचा 'वॉर रोबॉट्स' आला. सहा विरुद्ध सहा यंत्रमानव, मैदानातील ठाणी काबीज करायची, सगळे फुकट. आजवर जगभर गाजलेला यंत्रमानवी गोळीबाराचा मोबाईल खेळ म्हणजे हाच. त्यावरील पहिली मते वाचा आणि पाच-सात वर्षे खेळलेल्यांची तक्रार वाचा, दोन वेगवेगळ्या मालांबद्दल बोलत आहेत असे वाटेल. पहिले म्हणतात, यंत्रमानवाचे वजन जाणवते, डावपेच आहेत, सवंगड्यांसह खेळण्यात गोडी आहे. दुसरे म्हणतात, नवा यंत्रमानव निघाला की महिनोन् महिने घडवलेला जुना निकामी होतो, आणि ज्याचा खिसा मोठा त्याचा विजय ठरलेला. दोघेही खरेच बोलतात. पहिल्याने चार दिवसांत पाहिले, दुसऱ्याने गाठ सोडून पाहिली.

आपल्यातही अशी दुकाने असतात. बाहेर 'एकावर एक फुकट'ची पाटी, आत शिलाई, अस्तर, बटण यांचा हिशोब वेगळा. पण तेथे निदान गिऱ्हाईक आत गेल्यावर भाव विचारू शकते. येथे भाव आधी खेळातल्या नाण्यांत सांगतात. ती नाणी रुपयांत विकत घ्यायची. मग बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून अशा पेट्या विकणाऱ्यांना कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करण्यास भाग पाडले. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकाने काही मोठ्या खेळांतील पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगार ठरवल्या. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा झाला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. आमच्या मुलाने घेतलेल्या बंदुकीत रोख पैसा जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. गेले ते गेले.

मग या आतल्या दुकानाची पारख कोण करणार? आयफोनवरील खेळांची मते छापणारे 'टच आर्केड' हे स्थळ २००८ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पैशाअभावी बंद पडले. किंमत लावलेला खेळ घ्यावा की न घ्यावा हे विचारणारे गिऱ्हाईकच कमी झाले, फुकट मालाला सल्लागार कशाला, असे लोकांना वाटते. दलाली सुटली तसा दलालही गेला. उरले ते पाच तारे.

या ताऱ्यांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. २६ जानेवारी २०२१ रोजी 'फौजी' हा देशी खेळ आला. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आलेली, त्यामुळे अपेक्षा डोंगराएवढ्या. सुरुवातीचे तारे साडेचारच्या वर होते, ते काही दिवसांतच तीनच्या आसपास घसरले. त्यात खरी तक्रार होती, की लढाईच्या नावाखाली केवळ हातघाईच दिली. त्यात पबजीच्या चाहत्यांचा रागही होता. आणि पहिले पाच तारे निव्वळ देशाभिमानाचे होते. तिन्ही एकाच टोपलीत टाकून सरासरी काढली, तर त्या आकड्यावरून माल कसा ते कसे समजावे?

अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे, त्यामुळे आपल्याला अधिक जवळचे. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने 'इंडस' हा गोळीबाराचा खेळ १६ ऑक्टोबर २०२४ रोजी अँड्रॉइड व आयफोनवर आणला. यात विरलोक नावाचे कल्पित स्थळ आहे आणि भविष्यातील भारताची कल्पना आहे. सर्वांना मारून शेवटी उरणे हा एक मार्ग, कॉस्मियम नावाचे द्रव्य ताब्यात घेणे हा दुसरा. वेषभूषा आणि नकाशा यांची वाहवा झाली आणि ती रास्तच आहे. इचलकरंजीचा माल परदेशी छापाशी टक्कर देतो तेव्हा आपल्याला जो आनंद होतो तोच येथे झाला. पण खेळणाऱ्यांनी अडखळती हालचाल, फोन अटकणे आणि समोर बॉट येणे यांवर बोट ठेवले.

हा 'बॉट' शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. या जातीच्या बहुतेक खेळांत नवख्या खेळाडूपुढे खऱ्या माणसांसोबत यंत्राने चालवलेले खोटे खेळाडूही उतरवतात, जेणेकरून तो पहिल्या दिवशी जिंकावा आणि टिकावा. म्हणजे ज्या खेळात यंत्रमानवाचे नावही नाही, तेथेही मुलगा यंत्रमानवावरच गोळ्या झाडत असतो. पहिल्या दिवशीच्या विजयाने खूष होऊन पाच तारे देणाऱ्याची राय कितपत धरायची, ते आपण ठरवावे.

आणखी एक तफावत. पुष्कळ समीक्षक महागड्या, नव्या फोनवर खेळ तपासतात. औसा, निलंगा, उदगीरकडचा मुलगा दहा-बारा हजारांचा फोन वापरतो, तोही दोन वर्षे जुना. त्यावर चित्र अडकते, फोन तापतो, बॅटरी तासाभरात बसते. सुरतेच्या वातानुकूलित दालनात सुळसुळणारी साडी मराठवाड्याच्या उन्हात अंगाला चिकटते, तसेच हे. समीक्षकाचे म्हणणे चुकीचे नसते, त्याचे हवामान वेगळे असते.

म्हणून मत वाचताना मी आता तीन-चार गोष्टी हुडकतो आणि त्या क्वचितच सापडतात. लिहिणाऱ्याने किती दिवस खेळून लिहिले? त्याचे स्वतःचे किती रुपये गेले? एक पैसा न देता महिनाभरात खेळणारा कुठवर पोहोचतो? फोन कोणता होता? चित्र आणि आवाज यांवर रकाने भरतात, यावर दोन ओळी नसतात. पुण्या-मुंबईतील जी तरुण मंडळी या धंद्यात आहेत, त्यांच्यात आपलीही मुले आता जाऊ लागली आहेत, त्यांच्या दृष्टीनेही हे हिताचे आहे. माल चांगला असूनही आतल्या हिशोबामुळे बदनाम झालेली पेढी पुन्हा उभी करणे किती कठीण असते, हे बाजारात बसणाऱ्याला सांगायला नको.

आमच्या मुलाला मी उचल दिली, दरमहा ५०० रुपये कापून घेतो. खेळ त्याने काढून टाकलेला नाही, फक्त फोनमधील पैसे देण्याची सोय बंद करून घेतली. परवा दुपारी सहज विचारले, तो ८९९ चा यंत्रमानव काय म्हणतो? तर म्हणाला, नवा एक आला आहे, त्याच्यापुढे तो आता टिकत नाही.