डॉक्टर मागे सरतात तेव्हा

अहमदनगर जिल्ह्याला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) मिशनची माणसं नवी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरात बस्तान बसवलं, शाळा काढल्या, दवाखाने उघडले. तिकडे मिरजेला विल्यम वानलेस यांचं रुग्णालय, केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. या सगळ्या कामांकडे लोक दोन नजरांनी बघत आले: कुणी म्हणे देवमाणसं, कुणी म्हणे बाटवायला आलेत. स्वतः मिशनच्या मंडळींनाही आपण इथे नेमके कशासाठी आहोत, हा प्रश्न अधूनमधून पडत असावा. जामखेडमध्ये मात्र एका ख्रिस्ती जोडप्याने त्याचं जे उत्तर शोधलं, ते चाळीस वर्षांत बदलत गेलं. त्या बदलाचा हा मागोवा.

रजनीकांत आरोळे राहुरीचे, मेबल जबलपूरच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघं एकत्र शिकले. 1960 साली लग्न केलं तेच आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांसाठी घालवायचं ठरवून. पुढे नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात नोकरी धरली. चोख काम, रांगा लावून पेशंट. पण त्यांच्या लक्षात आलं की हगवणीचं पोर बरं करून घरी पाठवावं आणि महिन्याभरात ते पुन्हा त्याच खाटेवर यावं, असं चाललंय. बरेचसे आजार मुळात होऊच नयेत असे होते. दवाखाना कितीही वाढवला तरी गावची विहीर तीच, चूल तीच, उपास तेच. सेवा भरपूर झाली, पण तिने गावात बदललं काय? इथे बहुतेक जण हात टेकतात किंवा शहर गाठतात. ही दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आली आणि 1970 मध्ये जामखेडला उतरली.

जामखेड म्हणजे बीड आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरचा पर्जन्यछायेतला तालुका. दिवाळी सरली की ऊसतोडीला निम्मं गाव रिकामं. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू झालं. लगोलग 1972 चा दुष्काळ आला आणि औषधापेक्षा पाणी मोठं ठरलं. बोअर घेतले गेले, तेव्हा हातपंप शक्यतो दलितवस्तीत बसेल असं पाहिलं गेलं. पाणी हवं तर तिथे या. शिवाशिवीवर प्रवचन देण्यापेक्षा हे कैकपटींनी परिणामकारक होतं, आणि मला तरी यात त्यांच्या धर्मश्रद्धेचा सगळ्यात सरळ आविष्कार दिसतो. कुष्ठरोग्यांना वेगळ्या वसाहतीत न ठेवता इतर पेशंटांच्याच रांगेत बसवणं, हेही त्याच जातीचं काम.

आरोग्याची घडी मात्र पहिल्या फटक्यात बसली नाही. आधी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवल्या. त्या गावात राहायला नाखूश, आणि गावालाही त्या परक्या. मग गावानेच एक बाई निवडून द्यावी, असं ठरलं. ज्या आल्या त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्याला जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, एका पंगतीत जेवायचं, शेजारी शेजारी झोपायचं. मराठ्याची आणि महाराची बाई एकाच पांघरुणात, हे त्या काळात औषधशास्त्रापेक्षा अवघड शिक्षण होतं.

त्या शिकत काय होत्या? नाळ विळ्याने कापायची नाही, उकळलेल्या ब्लेडने कापायची, म्हणजे बाळाला धनुर्वात होत नाही. पहिला चीक फेकायचा नाही, बाळाला लगेच छातीशी लावायचं. पोटुशीने पोटभर खाल्लं तर मूल मोठं होऊन अडेल, ही समजूत खोडून काढायची. जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. यातली एकही गोष्ट डॉक्टरने सांगितली असती तर सासूने मान डोलवून विसरून टाकली असती. शेजारच्या आळीतल्या बाईने, जिने स्वतःच्या सुनेवर ती करून दाखवली, तिने सांगितल्यावर ती टिकली. 1971 मध्ये या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. दोन दशकांत हा आकडा तिसाच्या खाली आला.

जग मग बघायला येऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 च्या पुस्तकात जामखेडची दखल घेतली, तीन वर्षांनी प्राथमिक आरोग्यसेवेवरची आल्मा आटाची परिषद झाली आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे 2005 मध्ये केंद्राने गावोगाव 'आशा' आरोग्य कार्यकर्त्या नेमण्याचा कार्यक्रम आणला. त्याच्यामागे जे जुने प्रयोग होते त्यांत जामखेडचं नाव हमखास घेतलं जातं. एक गोष्ट मात्र सरकारी नकलेत उतरली नाही. आशाताईंच्या वाट्याला रजिस्टरं आणि कामागणिक मोबदला भरपूर आला. दर आठवड्याला हक्काने बसून बोलायची, एकमेकींकडून शिकायची जागा फारशी आली नाही. अर्थात जामखेडच्या बायकांनी तुटपुंज्या मोबदल्यावर केलेल्या कामाला 'सेवा' म्हणून सोडून देणंही मला पटत नाही. त्यांना शिवणकाम, छोटे धंदे यांसाठी हात दिला गेला, तो हवाच होता.

धर्मांतराचा प्रश्न उरतोच. आरोळे ख्रिस्ती होते हे त्यांनी लपवलं नाही, आणि दवाखान्याच्या दारात ते आमिष म्हणून मांडलंही नाही. ज्या बायका शिकून उभ्या राहिल्या त्या गावच्या जत्रेला जात राहिल्या, विठोबाला हात जोडत राहिल्या. बाप्तिस्मे मोजणाऱ्याला हे काम फसलेलं वाटू शकेल. पण वडाळ्यात आरोळ्यांना जो प्रश्न सतावत होता तो बाप्तिस्म्यांचा नव्हताच, परत येणाऱ्या पोरांचा होता.

मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी काम पुढे चालवलं. देशोदेशीचे डॉक्टर अजून जामखेडला प्रशिक्षणाला येतात, आणि त्यांच्या शिक्षकांमध्ये कधीकाळी सही करू न शकणाऱ्या त्या बायकाही असतात.