उन्हाळ्यासाठी फळांचा घोळाणा

पुण्यात पारा ४० अंशांकडे सरकू लागला की शेगडीजवळ उभे राहणे नकोसे होते. अशा वेळी मेथीचा घोळाणा, म्हणजे आपले अस्सल मराठी सॅलड, दहा-पंधरा मिनिटांत तयार होतो. मंडईतून कोवळी मेथी आणावी. ती कच्चीच खायची असल्याने माती निघेपर्यंत दोन-तीन पाण्यांत धुवावी आणि निथळून बारीक चिरावी. त्यात काकडी, मोसंबीच्या सोललेल्या फोडी, डाळिंबाचे दाणे व शेंगदाण्याचे कूट मिसळावे. मोसंबी-लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. मीठ व लिंबू मात्र वाढतानाच घालावे. मिठाने पाणी सुटून पाला मलूल होतो. उन्हाळ्यात घोळाणा उरवू नये, ताजाच संपवावा.